बँकेत इकॉनॉमिस्ट व्हायचंय, एम.ए. कुठून करू?

अमळनेरची_मुलगी: यंदा टी.वाय.बी.ए., अर्थशास्त्र. घरचे म्हणतात, क्लार्कची परीक्षा दे. मला महागाई, व्याजदर यांचे अंदाज बांधायचं काम करायचंय. आपल्याकडचं कोणी त्यात आहे का?

यावलकर: ताई, मी आहे, मुंबईत एका बँकेच्या संशोधन विभागात. एम.ए. कर, पण इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अंदाज बांधायचं शास्त्र, नीट शिकवतात तिथेच. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट बघ. आर किंवा पायथन यापैकी एक संगणक भाषा आत्ताच धर. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के, खालीवर 2. व्याजदर ठरवणारी तिची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते, त्याआधी ट्रेझरीवाले, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणारे, विचारतात, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) हलेल का? 2012 पायाभूत वर्षाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, म्हणून कांदा-टोमॅटोचे भाव रोज बघायची सवय लागली. पाऊस लांबला की काय होतं, हे आपल्या कपाशीवाल्या घरांतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. ती जाण मॉडेलमध्ये आणता आली पाहिजे. आणि लिहिणं! अंदाज का बदलला हे एका पानात सांगता आलं नाही, तर साहेब वाचतच नाहीत.

धुळेकर: रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी, डीईपीआर (आर्थिक व धोरण संशोधन विभागातल्या अधिकाऱ्यांची) परीक्षाही बघ. अर्थशास्त्राचं एम.ए. झाल्यावर देता येते.

अमळनेरची_मुलगी: दादा, गणित बारावीनंतर सुटलंय.

यावलकर: सांख्यिकीपासून सुरू कर, रोज थोडं. क्लार्कची परीक्षाही दे, घरच्यांशी भांडू नको. पण एम.ए.च्या प्रवेशाचा फॉर्म चुकवू नको. अडलं तर इथेच विचार.