मांगरात सापडलेली गाडी डुक्कर फियाट आहे का?

देवगडला आजोबांच्या मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) आंब्याच्या पेट्यांमागे एक गोलमटोल जुनी गाडी आहे, पुढचे दरवाजे उलटे उघडतात, गियर स्टिअरिंगपाशी. बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू का?

– स्टार्टर अजिबात मारू नका दादा! वर्णनावरून फियाट ११०० वाटतेय, तिलाच डुक्कर फियाट म्हणतात, प्रीमियर कंपनीने १९५४ पासून आणलेली, १०८९ सीसी. बॉनेट उघडून प्लेटवरचा चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधे थोडं ऑइल सोडा, दोन दिवसांनी इंजिन हातानेच फिरवून बघा, जुनं पेट्रोल आधी काढून टाका.

– आपल्याकडची खारी हवा पत्रा आतून खाते, वरून रंग छान दिसतो आणि मॅटखाली फ्लोअर गेलेला असतो, तेव्हा दरवाजाखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर वेल्डिंग आधी, रंग नंतर. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका प्लीज. ब्रेकची धूळ फुंकू नका, जुन्या ब्रेक लायनरमधे फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा.

– आणि इंजिन बदलायचा मोह टाळा. पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए (VA) ही अक्षरं मिळतात. फोटो टाका ना!