मदत हवी आहे: बाबांसाठी खालची खोली करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नागपूरला महाल भागात आमचं जुनं दोन मजली घर आहे, बाबांना पार्किन्सन्स आहे, जिना आता झेपत नाही म्हणून त्यांची खोली खाली आणायची ठरवलं. पण खालची खोली म्हणजे नुसतं गोदाम. पितळी गुंड, लोखंडी पेट्या, बंद पडलेले कुलर, आणि आई काहीच काढू देऊन नाही राहिली, "असू दे, लागते कधी" हेच सुरू. या आजारात दारापाशी, अरुंद जागेत पाय जागीच अडतात त्यामुळे वाट मोकळी हवीच ना!

संडास देशी आहे, तिथे कमोड आणि बाजूला धरायला दांडा लावायचाय, पण भिंत जुनी विटा-मातीची, वजन पेलेल का की जमिनीत रोवलेला दांडा बरा? बाथरूमचा उंबरठा ६ इंच. रॅम्पला १ इंचाला १२ इंच लांबी धरतात म्हणजे ६ फूट झाले, तेवढी जागाच नाही, मग फोडूनच टाकू का? उन्हाळ्यात कुलरची वायर आन् पाण्याचा पाइप नेमका वाटेत येतो, त्याचं तुम्ही काय करता?

आणि पितळ इतवारीत मोडीत द्यायचं तर आईला कसं पटवू, कोणी पटवलंय का घरी?