मदत हवी आहे : रिफ्लक्ससाठी एमसीयूऐवजी सोनोग्राफी चालेल का?

रानजाई :
आमच्या बाळाला रिफ्लक्स आहे, म्हणजे मूत्राशयातील लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढते. डॉक्टरांनी गुरुवारी एमसीयू, म्हणजे नळीने मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य भरून लघवी करताना चित्रे काढण्याची तपासणी, करून आणण्यास सांगितले आहे. परंतु परवाची सोनोग्राफी अगदी व्यवस्थित आलेली असताना पुन्हा नळी घालून ती तपासणी कशासाठी, हे मला समजत नाही. केवळ सोनोग्राफीवर भागते का? मध्ये दोनच दिवस आहेत, त्यामुळे अनुभव असलेल्यांनीच आणि लवकर उत्तर द्यावे.

तिठा :
बाळाचे वय किती, मुलगा की मुलगी, ताप येऊन संसर्ग किती वेळा झाला आणि कल्चरसाठी (लघवीत जंतू वाढतात का, या तपासणीसाठी) लघवी कशी घेतली होती, हे आपण लिहिलेलेच नाही. पिशवी चिकटवून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात. साध्या सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार, सूज आणि मूत्राशयाची भिंत दिसते, परंतु लघवी उलट चढताना सहसा दिसत नाही. त्यामुळे ती व्यवस्थित आली, तरी रिफ्लक्स नाही असे म्हणता येत नाही.

गवती_चहा :
माझ्या नातवाला हाच त्रास होता आणि तो जवाच्या व धन्याजिऱ्याच्या पाण्याने पूर्ण गेला. महिनोन्महिने रात्री प्रतिजैविक देऊन काही साधत नाही, हे माझे ठाम मत आहे.

तिठा :
आजी, पाणी अवश्य द्यावे, पण औषधाच्या जागी नव्हे. 2014 साली अमेरिकेतील रिफ्लक्स असलेल्या 607 मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक घेणाऱ्या 302 मुलांपैकी 39 जणांना, तर नुसते दिखाऊ औषध (प्लासिबो) घेणाऱ्या 305 पैकी 72 जणांना पुन्हा संसर्ग झाला.

गवती_चहा :
आणि मूत्रपिंडावरचे व्रण? तेही कमी झाले का?

तिठा :
नाही, व्रणांत फरक आढळला नाही. तेवढे आपले म्हणणे मान्य आहे.

पाणकणीस :
मुलगा असेल, तर सुंता करून घ्यावी. त्याने लघवीचे संसर्ग कमी होतात आणि आमच्या डॉक्टरांनीही तोच सल्ला दिला होता.

चिंचबन :
आम्ही जर्मनीत राहतो. येथे आमच्या मुलाच्या मूत्राशयात सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रव्य सोडून सोनोग्राफी केली. लघवी उलट चढली की बुडबुडे मूत्रपिंडात चमकताना दिसतात आणि क्ष-किरण मुळीच लागत नाहीत. अमेरिकेतही मुलांसाठी 2016 साली याला मान्यता मिळाली. एमसीयूचा आग्रह हा जुनाट विचार आहे.

तिठा :
जुनाट म्हणणे योग्य नाही. मुलग्यांत मूत्रमार्गातील अडथळा पाहण्यासाठी पहिल्या वेळी एमसीयूच करणारे अनेक तज्ज्ञ आहेत. शिवाय बुडबुड्यांच्या तपासणीतही नळी घालावीच लागते, हे आपण सांगितले नाही.

रानजाई :
म्हणजे नळी टळतच नाही! मला खरी भीती तिचीच आहे. मागच्या वेळी बाळाला चौघांनी धरावे लागले होते. सुंतेचा प्रश्न नाही, कारण आमचे बाळ मुलगी आहे. वय तीन वर्षे चार महिने. अकरा महिन्यांची असताना एमसीयू झाली होती आणि डाव्या बाजूला तिसऱ्या श्रेणीचा रिफ्लक्स सांगितला होता. दिवाळीत डॉक्टरांच्याच सल्ल्याने रात्रीचे औषध बंद केले आणि मागच्या महिन्यात ताप येऊन पुन्हा संसर्ग झाला. हे सर्व लिहायला हवे होते, हे लक्षात आले नाही.

तिठा :
ताई, यामुळे प्रश्नच बदलला. आपण सर्वजण पहिल्या निदानाची चर्चा करत बसलो होतो. औषध थांबवल्यावर तापाचा संसर्ग झाला असल्याने डॉक्टरांची सूचना निष्कारण नाही. मात्र त्यांना विचारा, की श्रेणी कोणतीही निघाली तरी औषध पुन्हा सुरूच करायचे असेल, तर ही तपासणी आत्ताच का. मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीच्या) तोंडाशी इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार असेल, तर ती आवश्यक ठरेल. पुन्हा करायच्या तपासणीसाठी, त्यातही मुलीसाठी, बुडबुड्यांची सोनोग्राफी चांगला पर्याय आहे, कारण अंडाशयांवर क्ष-किरण पडत नाहीत आणि श्रेणीही पाच पायऱ्यांत सांगता येते. आपल्या शहरात ती होते का, एवढे मात्र पाहावे लागेल. चिंचबन यांचे म्हणणे येथे खरोखर लागू पडते.

पाणकणीस :
मुलीला बद्धकोष्ठता आहे का? सुंतेबाबत माझे चुकले, पण हे विचारून ठेवतो.

रानजाई :
आहे. तीन-तीन दिवस शौचास होत नाही आणि बालवाडीत ती दिवसभर लघवी धरून ठेवते. याचा संबंध आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

तिठा :
फार मोठा संबंध आहे. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि लघवी धरून ठेवल्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. परवाच्या सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतर किती मिली शिल्लक राहिली, हे लिहिले आहे का?

रानजाई :
अहवाल आत्ताच पाहिला. लघवीनंतरची नोंद त्यात नाही. एकदाच, भरलेल्या मूत्राशयावर तपासले होते. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सर्व सांगते आणि मगच गुरुवारचे ठरवते.