रस्टमधून वॅझम मॉड्यूलला स्ट्रिंग कशी द्यायची? आउट ऑफ बाउंड्स येतंय

गेटवे_भोसरी:
मंडळी, मदत हवीये. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आम्ही छोटा एआरएम गेटवे बसवतो, त्यावरचं रस्टचं ॲप मशीनची रीडिंग घेतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं गणित वेगळं, म्हणून ते वेबअसेंब्ली (वॅझम) मॉड्यूलमध्ये टाकून वॅझमटाइमने, म्हणजे वॅझम चालवणाऱ्या रनटाइमने, चालवतोय, म्हणजे नियम बदलला की नुसती फाइल बदलायची, अख्खं ॲप परत बिल्ड करायला नको. दोन आकडे देऊन बेरीज घेतली, झकास चाललं. पण जेसनची स्ट्रिंग द्यायची म्हणून पॉइंटर आय३२ मध्ये कास्ट केला, सोबत लांबी दिली, तर लगेच ट्रॅप (मॉड्यूल एरर देऊन मध्येच थांबतं), आउट ऑफ बाउंड्स मेमरी ॲक्सेस. वर प्रत्येक कॉलला सेकंदभर जातो. दोन रात्री यातच गेल्या, कुठे चुकतंय?

रस्टी_कर्वेनगर:
कास्ट केलात तिथेच चुकलं. तुमचा पॉइंटर ॲपच्या मेमरीतला आहे आणि मॉड्यूलला ती मेमरी दिसतच नाही. त्याची लिनियर मेमरी वेगळी, पत्ते शून्यापासून, ६४ केबीच्या पानांनी वाढणारी. त्यामुळे तुमचा आकडा हद्दीबाहेर पडला. ट्रॅप आला ते बरंच झालं, चुकून हद्दीत बसला असता तर भलताच डेटा वाचून चुकीचं उत्तर आलं असतं आणि ते शोधायला आठवडा गेला असता.
मॉड्यूलमधून जागा देणारं एक फंक्शन एक्सपोर्ट करा आणि एक ती सोडणारं. ॲपमधून आधी जागा मागा, जो ऑफसेट मिळेल तिथे मेमरी राइटने बाइट्स लिहा, मग तोच ऑफसेट आणि लांबी खऱ्या फंक्शनला द्या, काम झालं की जागा सोडा, नाहीतर मॉड्यूलच्या आत लीक होत राहील. उत्तराची स्ट्रिंग वाचली की लगेच ॲपमध्ये कॉपी करून घ्या. मेमरी ग्रो झाली तर तिची जागा हलू शकते, बॉरो चेकर (रस्ट कंपायलरचा रेफरन्स तपासणारा भाग) ओरडतो तो याचसाठी, रॉ पॉइंटर काढून त्याला चकवू नका.

पेठेतली_प्रोग्रामर:
सेकंदाचं मी सांगते. दर कॉलला फाइलवरून मॉड्यूल बनवताय ना? तिथे वॅझमटाइमचा कंपायलर क्रेनलिफ्ट अख्खं नेटिव्ह कोडमध्ये कंपाइल करतो, छोट्या बोर्डावर ते जाणवणारच. इंजिन आणि मॉड्यूल सुरुवातीला एकदाच बनवा, दर कॉलला फक्त नवा स्टोअर (डेटा ठेवायची जागा) आणि इन्स्टन्स (मॉड्यूलची चालती प्रत), ते स्वस्त पडतं. रीस्टार्टलाही वेळ नको असेल तर कंपाइल झालेलं मॉड्यूल सिरियलाइज करून डिस्कवर ठेवा. पण डिसिरियलाइज (ती फाइल परत लोड करणं) अनसेफ आहे, त्यात नेटिव्ह कोड असतो, म्हणून तुम्ही स्वतः बनवलेली फाइलच लोड करा, गिऱ्हाइकाकडून मूळ वॅझमच घ्या. वॅझमटाइमची व्हर्जन बदललीत की ती फाइल परत बनवावी लागेल.

गेटवे_भोसरी:
चाललं!! स्ट्रिंग जाते, येते, आणि वेळ जाणवतच नाही आता. ताई, दादा, खूप आभार. अजून एक, कुणाच्या नियमात अनंत लूप असला तर ॲप अडकू नये म्हणून फ्युएल (मॉड्यूलला किती काम करू द्यायचं याची मर्यादा) चालू केलं, तर पहिल्याच कॉलला फ्युएल संपलं म्हणून ट्रॅप?

रस्टी_कर्वेनगर:
नव्या स्टोअरमध्ये फ्युएल शून्य असतं, दर कॉलआधी सेट फ्युएल करा. नेमकं किती काम झालं ते मोजायचं नसेल, नुसतं ठरावीक वेळेनंतर थांबवायचं असेल, तर इपॉक इंटरप्शन घ्या, हलकं पडतं. एक थ्रेड ठरावीक वेळाने इंजिनचा इपॉक, म्हणजे एक काउंटर, वाढवत राहील आणि स्टोअरला डेडलाइन द्यायची. तुमच्या गेटवेवर मी हेच वापरलं असतं.