कंपनीच्या वह्या आणि कलम २०(३): 'एक कागद देऊ नका' म्हणणाऱ्यांना उत्तर

बुटीबोरी_खातेवही: एका ग्रुपवर सल्ला फिरतोय: "कंपनीला चौकशीची नोटीस आली की २०(३) दाखवा, एक कागद देऊ नका." त्याला लाइक ठोकणाऱ्यांत सीएसुद्धा! घटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. म्हणजे आधी 'आरोपी' लागतो. कंपनी कायद्याच्या कलम २१७ खाली निरीक्षक वह्या मागतो तेव्हा तुम्ही आरोपीच नसता. सुप्रीम कोर्टात राजा नारायणलाल बन्सीलाल प्रकरणात १९६० सालीच हे ठरलं. विनाकारण नकार दिलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, वर रोजचा दंड. शपथेवरच्या जबाबावर सही केलीत की तो तुमच्याच विरुद्ध वापरता येतो. सल्लागार जामिनाला येणार आहेत का?

सिव्हिल_लाइन्स: अर्धंच सांगितलं, भाऊ. संचालकाचं नाव एफआयआरमध्ये आलं की चित्र पालटतं. श्यामलाल चोकसी, १९६५: आरोपीला 'कागद आणून दे' असं समन्स काढता येत नाही. तीच समन्सची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ९४ मध्ये आहे. तिथे हरकत घ्यायलाच हवी.

बुटीबोरी_खातेवही: घ्या ना. मग ते झडतीचं वॉरंट आणतील. एम. पी. शर्मा, १९५४: झडतीत सापडलेला कागद ही आरोपीने दिलेली साक्ष नव्हे. समन्स बँकेच्या नावे निघालं तर हरकत कुठे चिकटवणार?

तर्री_तडका: अमेरिकेत ब्रास्वेल निकाल (१९८८) आहे. कागद सांभाळणारा स्वतः अडकत असला तरी कंपनीचे कागद द्यायचेच. फक्त 'यानेच आणून दिले' असं ज्युरीला सांगायचं नाही.

सिव्हिल_लाइन्स: खंडपीठासमोर ते वाचून दाखवा, बंधनकारक नाही म्हणून बाजूला ठेवतील.

इतवारी_मुनीम: निकाल राहू द्या बाप्पा, खरी बोंब टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आहे. झडतीला आलेले लोक चालू कॉम्प्युटरवरच कंपनीची फाइल उघडतात, डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढतात आणि निघतात. फाइल उघडली की तारखा बदलू शकतात, मग 'नोंद कुणी फिरवली' यावर वर्षभर वाद. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) घ्या, जागेवरच हॅश (डेटा बदलला की बदलणारा त्याचा आकडी ठसा) काढून पंचनाम्यात लिहा, एक प्रत आम्हाला द्या. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे, भाग 'ब' वर तज्ज्ञाची सही लागते. आणि हॅशचाच रकाना कोरा! नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, तेही मागून घ्या. जीएसटीची धाड असेल तर त्या कायद्याच्या कलम ६७(५) खाली अधिकाऱ्यासमोर नकला काढता येतात. नाहीतर चालू महिन्याचं रिटर्न भरायचं कशावरून?

बुटीबोरी_खातेवही: धागा २०(३) चा आहे, पेन ड्राइव्हचा नाही.

इतवारी_मुनीम: तुमच्या १९५४ ने हॅश निघत नाही, साहेब! आरोपी सुटतो तो या कोऱ्या रकान्यावर, घटनेवर नाही.

सिव्हिल_लाइन्स: नुसत्या कोऱ्या रकान्यावर सुटका? प्रमाणपत्र नंतरही हजर करू देतात. मात्र हॅशच नसेल तर उलटतपासात सरकारी पक्षाला घाम फुटतो, हे कबूल.

बुटीबोरी_खातेवही: बरं, तुमचं चोकसीही मान्य, पेढे वाटा. पण नोटिशीच्या टप्प्यावर ते उपयोगाचं नाही. आणि 'वह्या सापडत नाहीत' हा दुसरा लाडका सल्लाही देऊ नका. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षांच्या वह्या जपायच्या असतात. न जपणं हाच वेगळा गुन्हा.