क्लबहाउसमधलं अण्णांचं चित्र

सी-३०४ (सर), सकाळी ७:४०
क्लबहाउसमधली अण्णांच्या पेन्सिल-चित्राची फ्रेम काल कोणी पुसली? काचेच्या खालच्या कडेने पाणी आत गेलंय. खांद्यावर ओघळ दिसतोय. कपाळावर तपकिरी ठिपके आलेत, ते तर कालचे नाहीतच. चित्र लावून वर्षसुद्धा झालं नाही. कृपया कोणीतरी उत्तर द्या.

सी-१०३ (काका)
सुप्रभात मंडळी 🙏🌹

सेक्रेटरी
सर, गणपतीची साफसफाई चालू आहे. बाई नवीन आहेत, सगळ्याच काचांवर स्प्रे मारला त्यांनी. मुद्दाम कोणी केलेलं नाही. आज लॅमिनेट करून आणतो, म्हणजे पुढे पाण्याचा प्रश्नच मिटला.

सी-३०४ (सर)
लॅमिनेट करू नका. गरम रोलरखालून जातं ते. पेन्सिलीची पूड प्लास्टिकच्या गोंदात बसते, आतली ओल आतच कोंडते आणि एकदा केलं की सोडवता येत नाही.

ए-१०१ (वहिनी)
क्लबहाउसच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. तीन पावसाळे सांगतेय.

खजिनदार
लॅमिनेशन दीडशे रुपयांत होतं. नवी फ्रेम म्हणजे हजार-बाराशे. अकरा फ्लॅटची वर्गणी अजून बाकी आहे. यादी टाकू का?

बी-५०२
एवढं कशाला पण? अण्णांचा फोटो अ‍ॅपमध्ये टाकला की दोन मिनिटांत पेन्सिल स्केच तयार. हे बघा, केलं पण.
[फोटो]

सी-१०३ (काका)
वा! अण्णा वीस वर्षांनी तरुण! माझाही करून दे रे, केसांसकट 😀

बी-४०४
काका, आधी वर्गणी, मग केस 😄

सी-१०३ (काका)
मी भरली आहे. पावती क्रमांक सांगू का? खजिनदारांना विचारा.

खजिनदार
भरली आहे. चौथ्या फोननंतर.

बी-३०१
मध्ये बोलते, माफ करा. ते चित्र माझ्या मुलीने कॉलेज सांभाळून महिनाभर रात्री बसून काढलंय. सोसायटीकडून कागदाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. दोन मिनिटांत होतं म्हणताना थोडा विचार करावा.

बी-५०२
ताई, तिला कमी लेखायचं नव्हतं हो. मी फक्त सोय सांगितली.

सी-३०४ (सर)
सोय आणि चित्र यात फरक आहे. या पोरीने काय केलं ते मी रोज पाहिलंय. सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मोठा केला की डोळ्यांच्या जागी चौकोनच दिसायचे. मग माईंकडून मूळ फोटो आणला, ६०० डीपीआयला स्कॅन केला. त्यात अण्णांचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. प्रिंटवर चौकोन आखले, मोजून तेवढेच ए-थ्री कागदावर कडक एच पेन्सिलीने अगदी हलके आखले आणि एकेक चौकोन उतरवला. गालावर एचबी आणि २बी, केसांत आणखी गडद ४बी, डोळ्याच्या बाहुलीत सगळ्यात गडद ६बी. डोळ्यातला चमकीचा ठिपका म्हणजे कोरा कागद आहे, तिथे पहिल्यापासून पेन्सिल लावलेलीच नाही. सावली बोटाने घासली नाही, बोटाचं तेल लागतं आणि तिथे डाग धरतो. कागदाच्या सुरळीने घासली.
आणि पुन्हा सांगतो, लॅमिनेट करू नका.

ए-१०१ (वहिनी)
पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे.

सेक्रेटरी
वहिनी, भिंतीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. आत्ता चित्राचं चाललंय.

ए-१०१ (वहिनी)
मीटिंगमध्ये दोनदा घेतलाय. मिनिट्स तुम्हीच लिहिलेत.

माई (ए-२०२)
नातवाकडून टाइप करून घेते आहे. चूकभूल माफ असावी.
त्या फोटोत हे बोलता बोलता हलले होते, ओठ पुसट आलेले. मुलीने आधी ओठ मिटलेले काढले. चित्र सुंदर होतं, पण हे नव्हते, कोणी दुसरेच गृहस्थ होते. मी काही बोलले नाही, पण तिच्या लक्षात आलं. वही घेऊन घरी आली आणि म्हणाली, आजी, आजोबा हसायचे कसे? मी सांगितलं, कोणाला रागवायचं असलं की आधी डावीकडचा ओठ आत घ्यायचे, हसू दिसू नये म्हणून. लग्नाचे अल्बम काढून बसलो दोघी. तीन फोटोंत तो ओठ सापडला. तिने ते पुसून परत काढलं. ज्या दिवशी दाखवायला आणलं त्या दिवशी मी चित्राला म्हटलं, चहा घेता का.
मोबाइलमधल्या चित्रात दात दिसतात. ह्यांचे दात असे नव्हते. गालावरचा तीळही गेला आहे.

बी-५०२
माई, चुकलं माझं. काढून टाकला ग्रुपवरून.

सी-१०३ (काका)
🙏

खजिनदार
माईंबद्दल पूर्ण आदर आहे. पण मुलीने फिक्सेटिव्हचा स्प्रे मारला होता ना? त्याचे २८० रुपये मी स्वतः दिले होते. मग पाण्याने कसं बिघडलं?

सी-३०४ (सर)
फिक्सेटिव्हने पूड सुटत नाही, हात लागला तर पसरत नाही. फुटभर लांबून, खिडक्या उघड्या ठेवून दोन पातळ हात दिले होते तिने, बरोबर दिले होते. पण खालचा कागद कागदच आहे, तो पाणी पितो.
खरी चूक तुम्हाला माहीत आहे. चित्र आणि काच यांच्यात माउंटची पुठ्ठ्याची चौकट घाला म्हणून मी फ्रेमच्या वेळीच सांगितलं होतं. म्हणजे काच कागदापासून जरा वर राहते. अ‍ॅसिड नसलेल्या बोर्डाचे अडीचशे जास्त पडत होते, ते तुम्ही वाचवलेत.

खजिनदार
कमिटीने वाचवले. मी एकट्याने नाही.

सी-३०४ (सर)
बरं, कमिटीने. काच थेट कागदावर बसली. मागे पुठ्ठा साधा, त्यामागे भिंत. पेन्सिल कार्बनची, ती उन्हानेसुद्धा विटत नाही. बिघडतो तो कागद. ओल धरली की असेच तपकिरी ठिपके येतात. स्प्रे एका दिवसाचा, ठिपके अख्ख्या पावसाळ्याचे. फ्रेम कुठे लावली होती आपण?

बी-४०४
पश्चिमेच्या भिंतीवर 😐

सी-३०४ (सर)
वहिनी, तुम्ही सकाळपासून तेच सांगताय. माझंच लक्ष नव्हतं. क्षमा असावी.

ए-१०१ (वहिनी)
सकाळपासून नाही सर, तीन पावसाळे. असू दे. चित्र आधी उतरवा.

सेक्रेटरी
वॉचमनला सांगितलं आहे, उतरवतोय. भिंत बघायला परवा माणूस येतोय, वहिनी, तुम्ही हजर राहाल का? पुढे आतल्या भिंतीवर लावू, जिन्याच्या बाजूला.

सी-३०४ (सर)
माझ्याकडे पाठवा. आडवं धरून आणायचं, काच वर. वाळवायला उन्हात ठेवायचं नाही, इस्त्री नाही, डाग पुसायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही. इथून पुढे फ्रेमवर स्प्रे मारू नका. कोरडं फडकं, फार तर फडकं किंचित ओलं.

खजिनदार
माउंटचे अडीचशे मी देतो. सोसायटीत टाकू नका.

बी-३०१
मुलीला फोन केला. परीक्षा संपली की येते म्हणाली. काहीही खोडू नका म्हणते, आधी ती बघेल.

सी-३०४ (सर), संध्याकाळी ६:१५
मागची पट्टी काढली. फक्त हनुवटीखाली कागद काचेला धरला होता, हळू सुटला. कॉलरची थोडी सावली काचेवर गेली. ठिपके राहतील. डोळे शाबूत आहेत.

माई (ए-२०२)
आणि ओठ?

सी-३०४ (सर)
जसाच्या तसा आहे माई. आत घेतलेला.