पाइपातली मिसळ आणि पेटंट

चिकट_पॉलिमर (पाषाण): काल इथे कुणीतरी लिहिलं, 'दोन जुने स्टॅबिलायझर (प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून घालायचे पदार्थ) एकत्र केले की पेटंट? हा शोध नाही, मिसळ आहे.' वाचून डोकं फिरलं. गरम पाण्याच्या पीपीआर (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) पाइपात फिनॉलिक अँटिऑक्सिडंटचे, म्हणजे प्लास्टिकला ऑक्सिजनपासून वाचवणाऱ्या स्टॅबिलायझरचे, दोन्हीकडून हाल. पाणी त्याला धुऊन नेतं, क्लोरीन त्याला संपवतं. मोठा रेणू घ्यावा तर धुपणं कमी, पण तो पॉलिमरमध्ये (पाइपाच्या प्लास्टिकमध्ये) कमी विरघळतो. जोडीला फॉस्फाइट हा दुसरा स्टॅबिलायझर टाकावा तर काही फॉस्फाइट पाण्यानेच फुटतात. कुठली जोडी टिकेल ते कॅटलॉग बघून आधी सांगा की! उत्तर हातात आल्यावर 'यात काय विशेष' म्हणायला कुणाचं काय जातं?

कलमबहाद्दर: तो 'कुणीतरी' मीच. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(ई) वाचलंय का? मिश्रणात नुसती गुणांची बेरीज होत असेल तर पेटंट नाही. अमेरिकेत 2007 च्या केएसआर या पेटंट खटल्यातही सुप्रीम कोर्टाचा सूर असाच: पर्याय मोजके असले आणि परिणामाचा अंदाज बांधता येत असला, तर करून बघणं उघडच, म्हणजे शोध नाही.

चिकट_पॉलिमर: 'मोजके' आणि 'अंदाज' हे शब्द तुम्हीच टाकलेत, आभारी आहे. इथे दोन्ही नाहीत.

कोथरूडचा_चेअरमन: कलमं राहू द्या हो. आमच्या सोसायटीत सोलरची अख्खी लाइन चिरली. बिल्डर म्हणतो पाणी वाईट, टँकरवाला म्हणतो पाइप वाईट.

फिटिंगवाले_धायरी: साहेब, सोलरला साधी यूपीव्हीसी (गार पाण्याची पीव्हीसी) टाकली असणार. साठ अंशांच्या पुढे तिचा टिकाव लागत नाही.

कोथरूडचा_चेअरमन: सीपीव्हीसीच होती, गरम पाण्याची! बिल आहे माझ्याकडे.

फिटिंगवाले_धायरी: बिलावर सगळंच सीपीव्हीसी असतं. पाइपावरचा शिक्का वाचला का?

कोथरूडचा_चेअरमन: गच्चीवर चढून शिक्के वाचायला मी चेअरमन झालो नाही.

मंदाकाकू: आणि पीव्हीसीत वर्षानुवर्षं स्टॅबिलायझर म्हणून शिसं घालत होते, ते कोण बोलणार? त्याऐवजीचं कॅल्शियम-झिंक महाग पडतं म्हणून!

कलमबहाद्दर: काकू, धागा पेटंटचा आहे.

मंदाकाकू: मग चिरलेल्या पाइपांना का नाही अडवलंत? शिशाचीच अडचण होते तुम्हाला.

कलमबहाद्दर: मूळ मुद्दा. चिकटराव, बेरजेहून जास्त मिळतं असं म्हणता, पण अर्जात तुलना कशाशी असते? काहीच न घातलेल्या कोऱ्या पॉलिमरशी! सगळ्यात जवळच्या जुन्या मिश्रणाशी करा ना, मग बघू.

चिकट_पॉलिमर: हे बरोबर आहे, कितीही झोंबलं तरी. आमच्या जुन्या कंपनीचा अर्ज इथेच अडकला होता. ती चाचणी करा म्हणून मी ओरडत होतो, साहेबांना चाचणीच्या ओव्हनचा खर्च दिसत होता.

कलमबहाद्दर: म्हणजे हरकत योग्यच होती.

चिकट_पॉलिमर: त्या अर्जापुरती. 'मिसळ' अजून मागे घेतलेली नाहीत.

कलमबहाद्दर: आकडे दाखवा, घेतो. तोवर तर्री वेगळी मागवा.

कोथरूडचा_चेअरमन: शिक्का वाचला. अर्धा पुसलाय. धायरीवाले, फोटो टाकू का?